चुंबकाचं मान्य, ‘टॉवर’चं नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निदान एका बाबतीत तुमचंच बरोबर आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुनी पिस्तुलं आणि शोभेच्या प्रतिकृती यांतला फरक सांगताना मी लिहिलं होतं, ‘चुंबक चिकटलं नाही तर वस्तू शोभेची समजा.’ या वाचकांकडे पणजोबांपासून चालत आलेलं पितळी नळीचं, चकमकीचं (दगडाच्या ठिणगीने बार उडवणारं) पिस्तूल आहे. नळीला चुंबक चिकटलं नाही आणि माझा लेख पुढे करून घरच्यांनी ते खेळणं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की चुंबकाचा नियम चुकीचा आहे. लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ असा ठसा असल्यावर शंकेला जागाच उरत नाही. आणि पारख हे हौशी माणसाचं काम नव्हे, प्रमाणपत्र मिळवलं की विषय संपला. शिवाय जाता जाता, दुसऱ्याच्या ठेव्याला खोटं ठरवण्यात मला मजा वाटते, असा टोलाही आहे.

चुंबकाचं मान्य. ते वाक्य घाईत लिहिलं गेलं. पितळी नळ्या अठराव्या शतकात भरपूर होत्या, जहाजावरच्या वापरासाठी तर खास, कारण खाऱ्या हवेत पितळ लोखंडासारखं गंजत नाही. मी लिहायला हवं होतं ते असं: नळी पितळी असू शकते, पण चकमकीचा दगड ज्यावर आदळतो ती झडप पितळी असूच शकत नाही. ठिणगी दगडातून निघत नाही. दगड पोलादाचा बारीक कीस खरवडतो आणि तो कीस पेटतो. म्हणून चुंबक नळीला नको, झडपेला लावा. भिंतीवर टांगायच्या स्वस्त प्रतिकृतींत झडप, घोडा (दगड धरून आपटणारा भाग), पट्टी सगळंच जस्ताच्या मिश्रधातूचं ओतलेलं असतं. हा धातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे साच्यात ओतायला सोपा आणि स्वस्त. झडपेला चुंबक चिकटलं नाही तर मात्र घरच्यांचं बरोबर. चिकटलं तर एवढंच कळलं की वस्तू निव्वळ शोभेची नसावी. कारण बार काढता येईल अशा नव्या प्रतिकृतीही बनतात आणि त्या अस्सल पोलादाच्याच असतात.

‘टॉवर’बद्दल मात्र मी मागे हटणार नाही. लंडनच्या टॉवरमध्ये ब्रिटिश सरकारचं शस्त्रागार होतं, म्हणून सरकारी हत्यारांच्या लॉकवर तो शब्द येई. ओळखीचा शब्द, वर मुकुट, दिसायला भारदस्त! नक्कल करणाऱ्याला आणखी काय हवं? शोभेच्या पिस्तुलांवर सर्वांत जास्त वेळा दिसणारा शब्द बहुधा हाच असेल. म्हणून तो वाचण्यापेक्षा तो कसा उमटलाय ते बघा. दहापट भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरपा पाडा. हाताने कोरलेल्या अक्षराचा तळ धारदार असतो आणि रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड होते. ठोकलेल्या ठशाच्या कडेला धातू किंचित वर उचललेला दिसतो. ओतीव अक्षराचा तळ मात्र गोलसर, कडा साबणासारख्या मऊ, आणि तळाशी बारीक दाणे. एकदा हा फरक बघितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

नळीवरच्या परीक्षेच्या खुणा, म्हणजे नळी बार सोसते का हे तपासल्यावर मारलेले ठसे, ही वेगळी गोष्ट, आणि त्या मला ‘टॉवर’पेक्षा जास्त बोलक्या वाटतात. अशी परीक्षा घेणाऱ्या लंडनमधल्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. म्हणजे बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची खूण आणि ‘हे १७८० चं’ अशी कहाणी एकाच पिस्तुलावर आली, तर दोहोंपैकी एक बहुधा खोटं आहे.

इथे माझीच फजिती सांगतो, म्हणजे मजा कोण घेतंय तेही कळेल. काही वर्षांपूर्वी मी एक ‘१८३० च्या सुमारचं’ टोपीवर (चकमकीऐवजी स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीवर) चालणारं पिस्तूल घेतलं. लाकूड काळपट, गंज जुना, विकणारा गोड बोलणारा. घरी आणून नळी दांड्यातून सोडवली, तर खालच्या बाजूला चौकटीत दोन अक्षरं: ‘ए ए’. इटलीच्या परीक्षागृहांच्या सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ १९७५. शेजारी इंग्रजीत ‘फक्त काळ्या दारूसाठी’ असं लिहिलेलं, त्यातली निम्मी अक्षरं कानशीने घासलेली. ही सूचनाच स्वतःचं वय सांगते. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ मध्ये तयार झाली. त्याआधी बंदुकीची दारू म्हणजे जवळजवळ नेहमी काळीच, मग ‘फक्त काळी’ असं लिहायची गरज कोणाला पडणार? नळी सोडवून तो घासलेला पट्टा मी विकत घेतानाच बघायला हवा होता. बघितला नाही, कारण मी ‘कोरीव काम’ न्याहाळत होतो.

तेव्हापासून मी दर्शनी बाजू शेवटी बघतो. शोभेची वस्तू करणारा पैसे खर्च करतो ते दिसणाऱ्या बाजूवर. लॉक काढून आतली बाजू बघितली की बहुतेक वेळा निकाल लागतो. जुन्या लॉकच्या आत इंग्रजी व्ही आकाराची, घडवलेली कमान असते, आणि ती इतकी ताठ की घोडा मागे ओढताना अंगठ्याला जाणवते. घोड्याला दोन टप्पे असतात, अर्धा आणि पूर्ण. भागांवर कानशीच्या रेघा, आणि एकाच लॉकचे भाग ओळखता यावेत म्हणून केलेल्या बारीक चिरा किंवा रोमन आकडे. स्क्रू एकेक करून बनवलेले, त्यामुळे एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात नीट बसेलच असं नाही. शोभेच्या वस्तूत आत गुंडाळीची स्प्रिंग, नाहीतर चक्क काहीच नाही. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर भिंग खाली ठेवा. तो १९३० च्या दशकात आला.

झीजही अशीच बघायची. चकमकीच्या पिस्तुलात झडपेच्या तोंडावर उभे ओरखडे हवेत, आणि रंजकीच्या भोकाभोवती (ज्यातून ठिणगीची आग नळीतल्या दारूपर्यंत जाते) धातू खाल्लेला हवा, कारण दर बाराला तिथे आग होते. सगळीकडे सारखा, नारिंगी, मखमली गंज आणि नेमका तिथेच धातू गुळगुळीत? मग गंज आम्लाचा आहे.

प्रमाणपत्राचं काय? कागद पिस्तुलाला खिळ्याने ठोकलेला नसतो. वर्णन, मापं, खुणांचे फोटो त्यात असतील तर उपयोग आहे. नुसतं ‘अस्सल, अठरावं शतक’ असेल तर ते एखाद्याचं मत झालं, माझ्यासारखंच.

आता तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात. ‘गज नळीत पूर्ण जात नाही, चार बोटं आधीच अडतो, यावरूनही ते किती जुनं आहे ते कळतं.’ गज म्हणजे दारू-गोळी नळीत ठासायची काठी. हे वाचून मी दचकलो. रिकाम्या नळीत गज रंजकीच्या भोकापर्यंत जायला हवा. आत गेलेल्या लांबीची गजावर खूण करायची, गज बाहेर काढून तोंडाच्या कडेपासून नळीवर आडवा धरायचा, की कुठे अडतो ते दिसतं. चार बोटं अलीकडे अडत असेल तर नळी तेवढीच कोरलेली आहे, म्हणजे शोभेची; नाहीतर आत घाण किंवा गंजाचा बोळा आहे; नाहीतर आत दारू आणि गोळी आहे. ठासणीची (तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची) हत्यारं भरलेल्या अवस्थेत पिढ्यान्पिढ्या भिंतीवर राहिलेली सापडतात, आणि कोरडी राहिलेली दारू तेवढ्या वर्षांनीही पेटते.

तेव्हा झडपेला चुंबक वगैरे सगळं नंतर. आधी ते भिंतीवरून काढताना तोंड कोणाकडेही नको. घोडा ओढून बघू नका, गज दाबू नका, भोकात काहीही टोचू नका, उष्णतेपासून लांब ठेवा. ठासणीच्या हत्यारांचं काम करणाऱ्या कारागिराला ते जिथे आहे तिथे बोलवा. नळी रिकामी असल्याचं त्याने सांगितलं की मला लॉकच्या आतल्या बाजूचा आणि नळीच्या मागच्या टोकाचा फोटो पाठवा. तोवर पितळ चमकवू नका. ठशांच्या कडा आहेत तशा बघायच्या आहेत.