शिबिर आखाजीला लावा

कपाशीची वेचणी लागली की शिबिराला बाई येत नाही, हे खान्देशातली कोणतीही आशाताई सांगेल. तरी गर्भाशयमुखाच्या तपासणीचं शिबिर नेमकं वेचणीतच लावायचं आणि वर ‘प्रतिसाद नाही’ लिहायचं. बाईचं ठरलेलंच, ‘माले काय धाड भरनी?’

तिचंही चूक नाही. सुरुवातीला दुखत खुपत काहीच नाही. पेशींतल्या पहिल्या बदलापासून कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एवढी सवड असून 2022 मध्ये जगभरात साडेतीन लाख बाया यानं गेल्या, त्यातल्या 94 टक्के गरीब नि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या.

तपासणीला लागतं काय? 95 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 5 मिली ग्लेशियल, म्हणजे पाणी न मिसळलेलं तीव्र, ॲसिटिक ॲसिड. रोज ताजं करायचं. नुसतं ग्लेशियल लागलं तर भाजतं, म्हणून बाटलीवर लेबल हवंच. बोळा भिजवून गर्भाशयमुखाला लावायचा आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं; बिघाड असेल तर तिथे पांढरट डाग उठतो. घोळ इथेच होतो: बाहेर रांग असते, वीस सेकंदांत ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. पिवळ्या बल्बखाली फिका डाग दिसत नाही. पांढऱ्या उजेडाची टॉर्च हवी. पाळी गेलेल्या बाईत बघायची जागा आत सरकते, तिथे ही तपासणी भरवशाची नाही, या कॅन्सरच्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची टेस्टच बरी.

डॉक्टरच हवा असंही नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा हॉस्पिटलनं शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हेच केलं, तर या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

पण डाग दिसला की आपण चिठ्ठी देतो, ‘जिल्ह्याला जा’. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबार म्हणजे दिवसाची मजुरी, गाडीभाडं, सोबत माणूस. चिठ्ठी फडताळात राहते. खरं तर डाग लहान असेल, पूर्ण दिसत असेल आणि कॅन्सरचा संशय नसेल, तर 100 अंशांना तापणाऱ्या हातातल्या यंत्रानं तो तिथेच शेकता येतो. एकेका वेळी 20 ते 30 सेकंद, भूल नाही. डाग मोठा, आत गेलेला किंवा संशयास्पद असेल तरच पुढे पाठवा, आणि सोबत आशाताई द्या. पुढच्या उपचाराला महात्मा फुले योजना आहे.

शिबिर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लावा. शेतं रिकामी असतात, लेकी माहेरी असतात, सासूला विचारावं लागत नाही. फक्त यंत्र चार्ज करून न्या; चार दिवसांनी ती सासरी गेली की सापडायची नाही.