शुभेच्छुकाचा कान

"कचऱ्याचीच ना ही? मग ४५० कसले?"

ठाण्यात घंटाळीच्या प्रदर्शनात जुन्या फ्लेक्सच्या पिशव्या मांडून बसलं की हा प्रश्न येतोच. परवा तो घेऊन आलेले काका मात्र हलेनात. पिशवी उलटी केली, आतून हुंगली, बंदाला हिसका देऊन पाहिला.

"फ्लेक्स फुकटच मिळतो की तुम्हाला."

मिळतो. फुकट आहे तो तेवढाच. चौकटीवरून उतरवताना पकडीने बारीक खिळे उपसा, गंजलेल्या भोकांची कड दोन-दोन इंच कापून टाका. मग गच्चीवर पसरून साबणाच्या कोमट पाण्याने घासा. पानाची पिंक निघत नाही म्हणून थिनर लावलं की पिंकेबरोबर छपाईही जाते. ओला फ्लेक्स घडी करून ठेवला तर कुबट वास धरतो, तो मग जन्मात जात नाही. १४ उंच, १५ रुंद आणि ४ इंच तळ असलेल्या पिशवीला ३५ बाय २० इंचांचा अखंड तुकडा लागतो. टाचण्या लावायच्या नाहीत, भोकं कायमची राहतात; कपड्यांचे चिमटे लावायचे. सुई १८ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टाका ४ मिलिमीटरचा. टाके फार जवळ पडले की पोस्टाच्या तिकिटासारखी शिवणीवरच फाटते. फ्लेक्स शिलाई मशीनच्या कापड दाबणाऱ्या फूटला चिकटतो, म्हणून मध्ये बटर पेपर. इस्त्रीचं तर नावच काढू नका. बंदांना गाड्यांचे जुने सीट बेल्ट, ते कुर्ल्याच्या भंगारातून, आणि तिथे फुकट काहीही मिळत नाही. नवं कापड आणलं असतं तर यातलं निम्मं काम वाचलं असतं.

चंदीगढला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीच्या कपबश्यांच्या तुकड्यांतून रॉक गार्डन उभं केलं. १९७६ पासून ते लोकांना खुलं आहे. तिथे तिकीट काढताना 'कचऱ्याचे पैसे कसले' असं आपली माणसं विचारत नाहीत. सहलीत विचारत नाहीत, ठाण्यात विचारतात.

हे सगळं ऐकवलं, तरी काका पिशवीच्या तळाकडेच टक लावून.

"हा कान माझा आहे."

"काय?"

"भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर हा. तीन हात नाक्याला होता. शुभेच्छुकांत खालच्या रांगेत, डावीकडून चौथा मी. ही कॉलरही माझीच."

होती खरी. उरलेले काका शिवणीत गेले होते.

"आणि भाऊ कुठायत?"

भाऊंची मिशी शेजारच्या पिशवीवर होती. १० बाय ८ फुटांच्या बॅनरमधून कडा जाऊन १२ पिशव्या निघतात. नेता मधोमध असला की तीन-चार गिऱ्हाइकांत वाटला जातो.

"मला तळाला टाकलंत," काका म्हणाले. आवाज खरोखर दुखावलेला. "बॅनरवरही तळालाच होतो. त्याचे ५०० मोजले होते मी."

पासपोर्ट फोटोएवढ्या जागेचे ५००. चार दिवसांसाठी. मी पिशवीवरच्या किमतीच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. काकांना त्यात काही दिसलं नाही.

बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले. त्यानंतरही नाक्यानाक्यावर भाऊ, दादा आणि साहेब हात जोडून उभेच आहेत. वाढदिवस संपतो, फ्लेक्स उरतो. त्यात पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर असतो; दोन्ही वेगळं करणं जिकिरीचं, म्हणून भंगारवालाही हात लावत नाही. जाळला तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर. ज्यांनी लावला त्यांना कुणी हिशेब विचारत नाही. जी धुऊन शिवते तिला मात्र विचारतात.

काकांनी शेवटी अट घातली. "कान पुढे येईल अशी शिवून द्या. ४०० देतो."

"शिवणी उसवून उलटं शिवायचं? मग भाऊंचा जो तुकडा पुढे आहे तो तळाला जाईल."

काकांनी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी तसं काही म्हणालो नाही."