डब्याचं झाकण आणि होम प्लेट

गेल्या शनिवारपासून आमच्या घरात एक बिनझाकणाचा डबा आहे. साधा डबा नव्हे. सासूबाईंनी लग्नात दिलेला, झाकणावर त्यांचं नाव आणि आमच्या लग्नाची तारीख घातलेली. ते झाकण शिकागोच्या दक्षिण भागात हरवलं. मी हरवलेलं नाही. घरात हे कुणालाच पटत नाही, म्हणून इथे लिहितोय.

ऑफिसातल्या एकाने व्हाइट सॉक्स या शिकागोच्या बेसबॉल संघाच्या सामन्याची तिकिटं फुकट दिली. या संघाची तिकिटं फुकट मिळाली की फार खूश व्हायचं नसतं. 2024 मध्ये 162 पैकी 121 सामने हरून त्यांनी आधुनिक बेसबॉलमधला विक्रम केला होता. मैदानाला तेव्हा एका गृहकर्जवाल्या कंपनीचं नाव होतं आणि कंपनीच्या चिन्हात खाली तोंड केलेला लाल बाण. पैसे घेऊन नाव द्यायचंच होतं, तर निदान बाणाचं तोंड तरी वर करून घ्यायचं!

तर साबुदाणा वडे घेऊन आम्ही दोन तास आधी पोहोचलो. पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून खायची इथे रीत आहे. बुटाची नाडी सुटली म्हणून हातातला डबा शेजारच्या संगमरवरी फरशीवर टेकवला.

"उचल ते!"

मागे सत्तरीचे एक आजोबा. टोपी काळी, चेहरा लाल. इंग्रजीत अहो-जाहो नसतं हे खरं, पण हा 'यू' सरळ अरे-तुरेतला होता.

"कशावर ठेवलंयस कळतंय का? होम प्लेट आहे ती!"

खरंच होती. 35व्या रस्त्याच्या या बाजूला 1910 ते 1990 सॉक्सचं जुनं मैदान, कोमिस्की पार्क, होतं. पलीकडे नवं बांधलं, जुनं पाडलं आणि जिथे उभं राहून फलंदाज खेळायचे तिथे एक फरशी बसवली. बाकी सगळा गाड्यांचा तळ. म्हणजे ऐंशी वर्षांचं देऊळ पाडून तिथे पार्किंग यांनी करायचं आणि विटाळ मात्र माझ्या डब्याचा!

पण देवळात चप्पल घालून शिरल्यासारखा माझा चेहरा झाला असावा, कारण आजोबा एकदम विरघळले. झाकण उघडून आत डोकावले. "क्रॅब केक?" म्हणजे खेकड्याचे वडे!

साबुदाणा इंग्रजीत समजावून सांगेपर्यंत दोन वडे गेले होते. मग इतिहास सुरू झाला.

1959 मध्ये आजोबा सहा वर्षांचे. चाळीस वर्षांनी सॉक्सनी लीग जिंकली, म्हणून अग्निशमन दलाच्या प्रमुखाने रात्री शहरभर हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले. शीतयुद्धाचे दिवस. लोकांना वाटलं, रशियन आले. आईने आजोबांना जेवणाच्या टेबलाखाली कोंबलं आणि बाप मात्र अंगणात नाचत होता. (तिसरा वडा.) 1965 च्या ऑगस्टमध्ये बीटल्स इथेच गायले, एका दिवसात दोन कार्यक्रम. थोरली बहीण जाऊन आली. किंकाळ्यांपलीकडे तिला काही ऐकू आलं नाही. (चौथा.) मध्येच, "तू कुठला?" "नेपरव्हिल." (शिकागोजवळचंच गाव.) "नाही, मूळचा?" बावीस वर्षं या शहराला कर भरतोय. पण नेपरव्हिल हे उत्तर अजून कुणी पहिल्या झटक्यात स्वीकारलेलं नाही.

मग 12 जुलै 1979. एका रेडिओवाल्याने डिस्को संगीताविरुद्ध मोहीम काढलेली. डिस्कोची रेकॉर्ड आणा आणि 98 सेंटांत दोन सामने बघा. रेकॉर्डींचा खोका मधल्या वेळात मैदानात स्फोटकांनी उडवायचा. उडवला. त्यासरशी हजारो लोक मैदानात उतरले, हिरवळ उपटली, जाळ पेटले, शेवटी पोलीस आले. दुसरा सामना न खेळताच डेट्रॉइटला बहाल झाला.

"आणि रेकॉर्डी अशा उडत होत्या, अशा!"

असं म्हणून आजोबांनी माझ्या डब्याचं झाकण उचललं, मनगट वळवलं आणि सोडलं.

सुरेख उडालं. सूर्यात चमकलं, दोन पिकअप ट्रकांवरून गेलं, आणि लांब कुठेतरी ठण्ण झालं. शेजारच्या टोळक्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीनेही वाजवल्या, हे मी लक्षात ठेवलं आहे.

मी गुडघ्यांवर बसून अकरा गाड्यांखाली डोकावलो. "डोन्ट वरी," आजोबा म्हणाले आणि पाचवा उचलला. "नवा पोपसुद्धा सॉक्सवाला आहे!" याचा झाकणाशी काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

माणूस तासभर बोलला. रात्री झोप येईना म्हणून मी फोनवर वाचत बसलो, तर कळलं की श्वेत संघांत प्रवेश नसलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा ईस्ट-वेस्ट सामना 1933 पासून वर्षानुवर्षं याच मैदानात भरायचा, आणि जो लुई 1937 मध्ये इथेच मुष्टियुद्धाचा जगज्जेता झाला. त्यातलं अक्षरही आजोबांच्या तोंडून निघालं नाही. भोंगे वाजले, बीटल्स आले, डिस्को जळली, एवढाच त्यांचा इतिहास. एका डब्यात पाच वडे मावतात, तसा.

सामना सॉक्स हरले.

बायकोचं म्हणणं, "मुळात जमिनीवर डबा ठेवतात का?" म्हणजे ती आजोबांच्या बाजूने. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. 35व्या रस्त्यावर आता दोन खुणा आहेत. एक संगमरवरी, जिच्यावर कुणी डबा ठेवायचा नाही. दुसरी स्टीलची, त्यांच्या नावाची, तारखेसकट, कुठल्या तरी गाडीखाली.