दादा, आकडा लावणं वेगळं अन आकडा ओळखणं वेगळं

नमस्कार दादा. हळदीकुंकवात अन वर्गात हाऊजी, म्हणजे चिठ्ठी काढून आकडा पुकारायचा अन तो आपल्या तिकिटावर असला तर झाकायचा तो खेळ, कशी घ्यायची यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हटलं की "मॅडम, माठातून चिठ्ठ्या काढून पैसे वाटायचे याले आमच्या गावात मटका म्हणतात, तुम्ही लेकरायले जुगार शिकवून राहिल्या अन वरून त्याले गणित म्हणता, नशिबाशिवाय आहे काय त्यात?" अन शेवटी भावाचं लिहिलं, आकड्यापायी दोन एकर वावर गेलं म्हणून. ते वाचल्यावर दोन दिवस मी काही टाईप केलं नाही, घाईत उत्तर देण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. बायकांकडून दहा-दहा रुपये गोळा करायचे अन त्यातूनच बक्षीस काढायचं असं मी सुचवलं होतं. ते चुकलं, काल काढून टाकलं. तिकिटाचे पैसे घेतले अन जिंकणारीला पैसेच दिले तर दहा काय अन हजार काय, सवय तीच लागते. संक्रांतीचं वाण तसंही द्यायचंच असते, त्यातलीच एखादी मोठी वाटी नाहीतर डबा बक्षीस म्हणून बाजूला ठेवायचा, तिकीट सगळ्यांना फुकट.

माठाचंही पटलं. मटका सुरूच मुळी आपल्या कापसाच्या धंद्यातून झाला, न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस किती भावानं उघडला अन किती भावानं बंद झाला यावर मुंबईत पैसे लागायचे, पुढे १९६० च्या दशकात ते बंद पडलं तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले, म्हणून नाव मटका. ज्या घरानं हे भोगलं त्याला माझ्या फोटोतला माठ पाहून काय वाटलं असेल ते मला आधी सुचायला पाहिजे होतं. आता खडूचा रिकामा डबा वापरते.

पण वर्गातली हाऊजी मी बंद करणार नाही दादा, अन का ते नीट सांगते.

तिकिटावर तीन आडव्या ओळी, नऊ उभ्या रांगा, आकडे १५ अन १२ घरं रिकामी. पहिल्या उभ्या रांगेत १ ते ९, दुसरीत १० ते १९, असं करत शेवटी ८० ते ९०. आता मी "एकोणसाठ" म्हटलं की अर्धे पोट्टे साठच्या रांगेत शोधतात, कारण कानावर "साठ" पडलेलं असते, अन ५९ बसलेला असतो पन्नासच्या रांगेत. मग शोधून शोधून एखादी पोट्टी ओरडते, "मॅडम, एक कमी साठ!" अन तिच्यासोबत बाकीच्यांची बोटंही पन्नासच्या रांगेत सरकतात. हे मी फळ्यावर महिनाभर सांगून बसत नव्हतं. आमच्याकडे तांड्यावरून येणारी गंज लेकरं आहेत, घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतात, त्यांच्यासाठी त्रेपन्न-त्रेसष्ट, सहासष्ट-सदुसष्ट हे नुसते सारखे आवाज. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला "वीस सात" असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवते नं? अडचण खरीच आहे, जोडाक्षरं अन उलटा क्रम, बोलताना एकक आधी अन लिहिताना दशक आधी. मला त्यावर आकडा ऐकून शोधायला लावणं हाच उपाय सापडला, तुरीच्या दाण्यांनी घर झाकायचं, झालं.

नशिबाचं म्हणाल तर साध्या हाऊजीत नशीबच असते, मान्य. म्हणून चौथीला मी वेगळी घेते. १ ते १० च्या पाढ्यांच्या १०० चिठ्ठ्या, "सहा चोक", "सात साते" अशा, अन मुलं स्वतः वहीत नऊ घरं आखून पाहिजे ते उत्तर लिहितात. पहिल्या दिवशी एकानं ५९ लिहिला अन शेवटपर्यंत वाट पाहत बसला, कारण या पाढ्यांत वेगळे आकडे फक्त ४२ आहेत अन ५९ त्यात नाहीच. दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं की चोवीस घेतला तर? चोवीसच्या चिठ्ठ्या चार, तीन आठे, आठ त्रिक, चार सक, सहा चोक, अन एकोणपन्नासची एकच. आता सगळे पोट्टे आधी पाढे लिहून मोजतात अन मग घरं भरतात. ज्याला हे मोजता येते त्याला उद्या कोणी आकडा लाव म्हटलं तर आपल्या बाजूनं किती चिठ्ठ्या आहेत हे तो आधी विचारेल, असं मला मनापासून वाटते.

एकच जिंकते अन बाकीचे हिरमुसतात असंही तुम्ही लिहिलं. खरं आहे, फुल हाऊसची म्हणजे तिकिटावरचे पंधराही आकडे झाकून व्हायची वाट पाहिली तर तसंच होते, चाळीस तिकिटं असली की पहिलं फुल हाऊस सत्तराव्या आकड्याच्या आसपास लागते अन तोवर मागचे पोट्टे एकमेकांचे दाणे फेकायला लागतात. म्हणून मी फुल हाऊस ठेवतच नाही. जल्दी पाच (ज्याचे कोणतेही पाच आकडे आधी झाकले तो) अन तीन ओळी, एका वेळी दोघांनी हात वर केला तर दोघंही जिंकले, अन चुकून ओरडला तर बाद करत नाही, फळ्यावर लिहिलेले आकडे त्यालाच मोठ्यानं वाचायला लावते.