एक्सबॉक्स जपानमध्ये आपटला, पण देशप्रेमामुळे नव्हे

दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत पुन्हा समोर येतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच असतं: 'जपानी माणूस परदेशी वस्तूला हात लावत नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचा एक्सबॉक्स तिथे धूळ खात पडला, कारण गिऱ्हाईक सोनी आणि निन्टेंडोशी एकनिष्ठ. शिवाय घरं लहान, आवड वेगळी. नाहीतर आपण!' शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. हा मजकूर जपानबद्दल नसतोच, तो आपल्याला टोचण्यासाठी असतो. जपान फक्त काठी म्हणून वापरलेला असतो.

एक्सबॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा डबा (कन्सोल), तिथे आपटला, यात वाद नाही. पहिल्या एक्सबॉक्सचा जपानमधला एकूण खप पाच लाखांच्या आसपास राहिला. त्याच काळातल्या सोनीच्या पीएस२ने (प्लेस्टेशन २) तिथे दोन कोटींचा टप्पा ओलांडला. पुढे तिसऱ्या पिढीच्या एक्सबॉक्स वनची अवस्था आणखी वाईट झाली: अख्ख्या आयुष्यात सव्वा लाखाच्या आसपास. निन्टेंडो स्विच तीन कोटींच्या पुढे गेला. प्रश्न आहे तो कारणाचा.

परदेशी वस्तूला हात लावत नाहीत म्हणे. २००८ साली सॉफ्टबँक या मोबाइल कंपनीने आयफोन जपानमध्ये आणला. त्या वेळी तिथल्या देशी कंपन्यांचे फोन टीव्ही दाखवत होते, दुकानात पैसे भरत होते. तरी काही वर्षांत आयफोनने त्यांना बाजूला सारलं, आणि आज स्मार्टफोनच्या बाबतीत जपान हा अॅपलच्या सर्वांत भक्कम बाजारांपैकी एक आहे. अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड १९८३ साली टोकियोजवळच उभं राहिलं. खेळांचं बघायचं तर विझर्ड्री ही अमेरिकन मालिका जपानने इतकी आपली मानली की मायदेशी ती थंडावल्यावरही तिचे नवे भाग जपानमध्ये बनत राहिले. १९८६च्या ड्रॅगन क्वेस्ट या जपानी खेळामागेही विझर्ड्री आणि अल्टिमा या दोन अमेरिकन खेळांची प्रेरणा होती. टेट्रिस तर मॉस्कोचा. आणि स्विचवरचा माइनक्राफ्ट? तो तिथल्या साप्ताहिक खपाच्या यादीत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. २०१४पासून माइनक्राफ्टची मालकी कोणाकडे आहे? मायक्रोसॉफ्टकडे! ज्या कंपनीचा डबा जपानी मुलं घेत नाहीत, तिचाच खेळ ती शाळेतून आल्यावर तासन्‌तास खेळतात.

देशी कंपनीशी एकनिष्ठता हा दावा तर आणखी कच्चा आहे. सेगा टोकियोची कंपनी. तिचा मेगा ड्राइव्ह हा डबा १९८८ साली जपानमध्येच पहिल्यांदा आला आणि तिथे निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम व एनईसीच्या पीसी इंजिनच्या मागे तिसरा राहिला. तोच डबा जेनेसिस या नावाने अमेरिकेत गेला आणि त्याने निन्टेंडोला घाम फोडला. पुढे १९९८ साली ड्रीमकास्ट या नव्या डब्याच्या वेळी सेगाने जी टीव्ही जाहिरात केली, तिच्यात शाळकरी पोरं म्हणतात की सेगा काही खास नाही, प्लेस्टेशनच भारी. आणि ते ऐकून हिरमुसला होतो तो नट नव्हे, सेगाचे खरेखुरे संचालक युकावा! स्वतःची अशी फजिती पैसे देऊन दाखवायला हिंमत लागते, पण ड्रीमकास्ट त्यानेही वाचला नाही. २००१ साली सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं. एनईसीचा पीसी-एफएक्स बुडाला. मात्सुशिताने (आजची पॅनासोनिक) बनवलेला थ्रीडीओ बुडाला. खुद्द निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ साली आला आणि वर्ष संपायच्या आत जपानमधून गुंडाळला गेला. वी यू तर कालपरवाची गोष्ट. हे सगळे देशी कंपन्यांनीच बनवले होते ना?

'जपान्यांना बंदुकीचे खेळ आवडत नाहीत' हेही अधूनमधून जोडलेलं असतं. निन्टेंडोचा स्प्लॅटून ३ हा खेळ सप्टेंबर २०२२मध्ये आला आणि पहिल्या तीन दिवसांत एकट्या जपानमध्ये साडेचौतीस लाख खपला. बंदुकीतून रंग उडतो, पण नेम धरून मारायचंच असतं. एपेक्स लेजेंड्ससाठीही तिथली तरुण मंडळी वेडी होती, आणि तो अमेरिकन खेळ आहे. घरं लहान म्हणून मोठा डबा चालत नाही, या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. पीएस५चा आकार एकदा बघून घ्या.

आता खरं काय घडलं ते. अमेरिकेत नोव्हेंबर २००१मध्ये आलेला एक्सबॉक्स जपानमध्ये २२ फेब्रुवारी २००२ रोजी आला. बिल गेट्स स्वतः टोकियोच्या शिबुया भागातल्या दुकानात हजर होते. मायक्रोसॉफ्टने काहीच केलं नाही असंही नाही: मूळ कंट्रोलर अगडबंब होता, म्हणून जपानसाठी खास लहान कंट्रोलर बनवला. त्याचं अंतर्गत नाव होतं अकेबोनो, हवाईत जन्मलेल्या सुमो योकोझुनावरून (सर्वोच्च दर्जाचा मल्ल). (हा लहान कंट्रोलर अमेरिकेलाही इतका आवडला की मोठा बाद झाला.) पण विक्री सुरू होताच डबा डिस्कवर ओरखडे पाडतो अशा तक्रारी आल्या, आणि कंपनीने आधी विषय किरकोळ ठरवून मग दुरुस्तीची तयारी दाखवली. बाजारात नवा माणूस, त्यात सुरुवातच अशी. बाजूला पीएस२ दोन वर्षं आधीपासून उभा, वर डीव्हीडी प्लेयरचंही काम करणारा, आणि जपानी खेळांनी भरलेला.

पण देशप्रेमाच्या गोष्टीला खरा सुरुंग लावतो तो पुढच्या डब्याचा, एक्सबॉक्स ३६०चा काळ, आणि तो या मजकुरात कधीच नसतो. डिसेंबर २००५मध्ये ३६० आला तो थंडच. ज्या खेळावर भिस्त होती तो डेड ऑर अलाइव्ह ४ वेळेवर तयार झाला नाही, महिनाअखेरीस आला. मग मायक्रोसॉफ्टने अक्कल वापरली. फायनल फँटसी या खेळमालिकेचे जनक हिरोनोबु साकागुची यांच्याकडून ब्लू ड्रॅगन हा खेळ करून घेतला, पात्रं अकिरा तोरियामांची, संगीत नोबुओ उएमात्सुंचं. पुढे लॉस्ट ओडिसी, आयडॉलमास्टर, स्टार ओशन ४ असे जपानी खेळ. ऑगस्ट २००८मध्ये टेल्स ऑफ व्हेस्पेरिया आला तेव्हा दुकानांतले ३६० संपले. संपले! परदेशी डब्याला हात न लावणारी माणसं डबा शोधत फिरत होती. केव्ह या टोकियोच्या छोट्या कंपनीचे गोळ्यांच्या वर्षावाचे खेळ ३६०वर येऊ लागले, तसे त्या खेळांचे कट्टर शौकीनही तोच डबा घेऊ लागले. एकूण आकडा गेला सोळा लाखांच्या घरात. सोनीपुढे तो किरकोळच, पण पहिल्या एक्सबॉक्सच्या तिप्पट.

मग गाडी अडली कुठे? व्हेस्पेरियाच एका वर्षाने पीएस३वर आला, नव्या पात्रासह, जास्तीच्या कथेसह, आणि तिथे जास्त खपला. स्टार ओशन ४ही एका वर्षाने पीएस३वर आला. म्हणजे एका खेळासाठी ज्याने ३६० घेतला, त्याला कळलं की थांबलो असतो तर अधिक चांगली आवृत्ती मिळाली असती. असा माणूस पुढच्या वेळी कशाला घाई करेल? त्यात ३६० लाल दिवे दाखवून बंद पडत होता. २००७ साली कंपनीला हमीची मुदत वाढवून शंभर कोटी डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली. आणि कमावलेलं उरलंसुरलं एक्सबॉक्स वनच्या वेळी मायक्रोसॉफ्टने स्वतःच घालवलं. नोव्हेंबर २०१३मध्ये तेरा देशांत तो मिळाला, जपानला ४ सप्टेंबर २०१४ची तारीख. साडेनऊ महिने ताटकळत ठेवलेल्या गिऱ्हाइकावर एकनिष्ठतेचा शिक्का मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

देशी कंपन्यांना काहीच फायदा नव्हता असं माझं म्हणणं नाही. निन्टेंडो क्योटोत, कॅपकॉम ओसाकात, बाकी बहुतेक टोकियोत; खेळ बनवणारे आणि डबा बनवणारे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. वर्गातली चार पोरं पीएसपी (सोनीचा हातात धरायचा डबा) समोरासमोर धरून मॉन्स्टर हंटर खेळत असतील तर पाचवा दुसरं काय घेणार? पण यात झेंडा कुठे आला? पाचवा मित्रांच्या मागे गेला. ज्या वेळी मित्र आणि खेळ दुसरीकडे गेले, त्या वेळी माणसंही गेली: गेल्या काही वर्षांत जपानमध्ये पीसीवर खेळणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि ते ज्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून खेळ विकत घेतात ते अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं आहे.

आणि जिच्याशी गिऱ्हाईक एकनिष्ठ म्हणतात ती देशी सोनी? तिच्या गेम विभागाचं मुख्यालय २०१६पासून कॅलिफोर्नियात आहे. पीएस४ तिने अमेरिकेला आधी दिला, जपानला तीन महिन्यांनी. पीएस५वर तिने जपानमधली जुनी सवय मोडून होकारासाठी गोलाऐवजी फुलीचं बटण केलं. करासह किंमत ५४,९७८ येनवरून वाढत वाढत २०२४मध्ये ७९,९८० येनवर नेली. गिऱ्हाइकाने काय केलं? स्विचकडे गेला. जून २०२५मध्ये निन्टेंडोने फक्त जपानी भाषेचा स्विच २ काढला ४९,९८० येनला, बहुभाषिक ६९,९८०ला. तो मिळावा म्हणून लोकांनी सोडतीत नावं घातली. मग नोव्हेंबरमध्ये सोनीलाही फक्त जपानी भाषेचा, डिस्क नसलेला पीएस५ ५५,००० येनला काढावा लागला.