नोकरी गेली तर कॉलेजला कळवा, आणि आकड्यांत कळवा

अमेरिकेतल्या मराठी घरांतली एक गोष्ट मला फार खटकते. आई-बाबांपैकी एकाची नोकरी जाते, मुलीचं कॉलेज तोंडावर आलेलं असतं, आणि घरात ठरतं काय, तर ‘आपलं आपण बघू’. ४०१-के, म्हणजे निवृत्तीसाठीची बचत, मोडायची तयारी असते, कर्ज काढायची तयारी असते. पण कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला पत्र लिहायचं म्हटलं की कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटतं. कृपा करून हे डोक्यातून काढा. घरची बदललेली परिस्थिती बघून मदतीच्या हिशेबातले आकडे बदलायचा अधिकारच हायर एज्युकेशन ॲक्टच्या ४७९-ए कलमाने एड ऑफिसरला दिला आहे. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात, आणि त्यासाठी करायचा अर्ज म्हणजे अपील. असे सगळे अर्ज सरसकट नाकारायचे, असं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. आणि ‘कर्ज काढू’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की १ जुलै २०२६ पासून नव्याने पॅरेंट प्लस, म्हणजे पालकांसाठीचं सरकारी शैक्षणिक कर्ज, घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे.

अपील का लागतं? फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा फॉर्म, दोन वर्षं जुनं उत्पन्न बघतो. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चं टॅक्स रिटर्न लागतं. मार्च २०२६ मधल्या लेऑफचा त्या फॉर्मला पत्ताच नसतो. म्हणून काही जण फॉर्ममध्येच आजचा पगार घालायला बघतात. ते करू नका. फॉर्म २०२४ च्या आकड्यांनीच भरायचा, व्हेरिफिकेशनसाठी, म्हणजे फॉर्ममधल्या माहितीच्या पडताळणीसाठी, निवड झाली असेल तर ती आधी पूर्ण करायची, आणि मग अपील. व्हेरिफिकेशन अर्धवट असेल तर ऑफिस पुढे सरकूच शकत नाही. अर्ज आठवडेच्या आठवडे अडकतो तो बहुतेकदा इथेच.

आता पत्र. एक पान पुरे. मुलगी किती हुशार आहे, कथ्थकच्या किती परीक्षा दिल्या, हे त्यात नको. ऑफिसला हवा असतो दोन आकड्यांमधला फरक. समजा बाबांचा पगार १,०६,००० आणि आईचा ६२,०००, म्हणजे २०२४ मध्ये एकूण १,६८,००० डॉलर. मार्चअखेर बाबांची नोकरी गेली. २०२६ चा हिशेब असा: बाबांचे तीन महिन्यांचे २६,५००, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम) १७,०००, अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) आठवड्याला ८०० प्रमाणे २६ आठवड्यांचे २०,८००, आईचे ६२,०००. बेरीज १,२६,३००. हा आकडा बघून ‘फारसं काही बिघडलेलं नाही’ असं कुणालाही वाटेल. पण हाच हिशेब जुलै २०२६ ते जून २०२७ असा मांडा. बाबांना तोवर दुसरी नोकरी मिळाली नाही, तर आईचे ६२,००० आणि अनएम्प्लॉयमेंटचे उरलेले १०,४००. एकूण ७२,४००. घर तेच, पण चित्र पार वेगळं. म्हणून पत्र लिहिण्याआधी ऑफिसला विचारा, की तुम्ही कोणते बारा महिने धरता. कॉलेजागणिक पद्धत वेगळी असते. नोकरी जाऊन काही आठवडे उलटल्याशिवाय अर्जच न घेणारी ऑफिसंही आहेत.

सोबत टर्मिनेशन लेटर, शेवटचा पे स्टब, सेव्हरन्सचा कागद, अनएम्प्लॉयमेंटचं स्टेटमेंट आणि आईचे ताजे पे स्टब जोडा. सेव्हरन्स लपवू नका, शेवटच्या पे स्टबवर तो बहुधा दिसतोच. अर्ज मुलीच्या नावाने आणि तिच्या पोर्टलमधून जाऊ द्या. तिची लेखी संमती नसेल तर बऱ्याच ठिकाणी ऑफिस पालकांशी बोलतही नाही. दुसऱ्या कॉलेजने जास्त मेरिट स्कॉलरशिप दिली, हा मुद्दा इथे घुसडू नका. त्याची खिडकी वेगळी.

नोकरीशिवाय इतर कारणंही चालतात. विम्याबाहेरचा वैद्यकीय खर्च, घटस्फोट, पालकाचं निधन, एकदाच आलेलं मोठं उत्पन्न. यातलं शेवटचं आपल्या लोकांना नेमकं लागू पडतं. २०२४ मध्ये पुण्याचा फ्लॅट विकला असेल, तर तो नफा अमेरिकन रिटर्नमध्ये येतो आणि त्या वर्षाचं उत्पन्न फुगतं. विक्रीचा करार आणि पैसे कुठे गेले याचे बँकेचे कागद दिलेत, तर ऑफिस तो आकडा वगळू शकतं. फ्लॅट विकलेला नसेल, तर तो मालमत्तेत दाखवावाच लागतो. राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, पण भारतातली दुसरी जागा धरतात. ४०१-के एका खात्यातून दुसऱ्यात रोलओव्हर केलं असेल, तर ती रक्कम फॉर्ममध्ये रोलओव्हर म्हणून दाखवली आहे ना, हे तपासा. ते राहिलं की ती उत्पन्नात मोजली जाते. घरखर्च, गाडीचे हप्ते, क्रेडिट कार्डाची थकबाकी यांवर मात्र अपील उभं राहत नाही. गावाकडे आई-वडिलांना दरमहा पाठवलेल्या पैशांचंही तेच. ते तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट नसतात, त्यामुळे त्या आधारावर फार आशा धरू नका.

मिळतं किती, हेही स्पष्ट सांगायला हवं. ऑफिस फाफ्सातले आकडे बदलतं आणि एसएआय, म्हणजे घराची ऐपत दाखवणारा आकडा, नव्याने निघतो. तो ३५,००० वरून १२,००० वर आला, तरी सरकारी विद्यापीठात हाती फारसं काही लागणार नाही. पेल ग्रँटची (परत न करायच्या सरकारी मदतीची) कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे, आणि १२,००० च्या एसएआयवर पेल सहसा मिळत नाही. फार तर सबसिडाइज्ड कर्ज (शिकत असताना व्याज सरकार भरतं ते), तेही पहिल्या वर्षी ३,५०० पर्यंत. पण स्वतःच्या तिजोरीतून पूर्ण गरज भागवणाऱ्या खाजगी कॉलेजात त्याच बदलाने ग्रँट हजारो डॉलरनी वाढू शकते. तिथे अनेकदा सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्मही लागतो आणि राहत्या घराची किंमतही अनेकदा बघतात. एका कॉलेजने केलेला बदल दुसऱ्याला लागू होत नाही. चार कॉलेजं मनात असतील तर चार अर्ज करा. १ मे, म्हणजे प्रवेश पक्का करायची नेहमीची तारीख, जवळ आली असेल, तर डिपॉझिटची मुदत वाढवून द्या, अशी विनंती अर्जाबरोबरच करा.

नकार आला, तर वर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. कॉलेजचा निर्णय अंतिम. पण कोणता कागद कमी पडला हे विचारा, आणि परिस्थिती आणखी बिघडली तर नव्या कागदांसह पुन्हा अर्ज करा, सेमिस्टर सुरू झालं असलं तरी. मान्य झालं, तरी ते त्याच वर्षापुरतं. २०२६ चं घटलेलं उत्पन्न फाफ्सात आपोआप दिसेल ते २०२८-२९ साठी. २०२७-२८ चा फॉर्म २०२५ चा पूर्ण पगारच दाखवणार, म्हणून हेच कागद पुढच्या वर्षी पुन्हा लागतील.