रेवडी, नारळ आणि शकूर

रविवारी सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर यायचं ते फक्त फिरायला, असं घरी सांगून निघतो आपण. प्रत्यक्षात पाव फेरी मारून टपरीसमोरच्या कट्ट्यावर बसतो आणि दोन तास उठत नाही. नोव्हेंबर 2025 मधल्या एका रविवारी तर सगळ्यांचे डोळे लाल, कारण अर्धी रात्र अब्दुल्ला मेसन या अमेरिकन बॉक्सरची रियाधची लाइटवेट टायटलची फाइट बघण्यात गेलेली. फक्त शिऱ्या फ्रेश होता. त्याने लाइव्ह बघितलीच नव्हती, सकाळी हायलाइट्स बघून आला होता आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात जास्त तोच बोलत होता.

"आता डायरेक्ट शकूर!" शिऱ्याने हातातल्या वडापावसकट हवेत एक जॅब मारला. शकूर म्हणजे शकूर स्टीव्हनसन, तेव्हा त्याच वजनातला दुसरा चॅम्पियन. "बेल्ट आला ना? मग आता थांबायचं कशाला? ग्रेटनेस हवा तर ग्रेट लोकांशी लढा. लेगसी बनते अशाने, लेगसी!"

लेगसी हा शब्द शिऱ्या दिवसातून साधारण चाळीस वेळा वापरतो. बँकेत पासबुक भरून देतानासुद्धा वापरत असेल.

दत्ता चहात खारी बुडवत होता. दत्ता म्हणजे आमचा पिठाच्या गिरणीवाला, मूळचा कोरेगावकडचा, वडील तालमीतले आणि नंतर गावच्या जत्रेत जोडी लावणाऱ्या कमिटीत. दत्ता स्वतः कधी लाल मातीत उतरला नाही पण मनगटं बघितलीत तर तुम्ही वाद घालणार नाही. तो खारी संपेपर्यंत काही बोलला नाही, मग म्हणाला, "शिऱ्या, जत्रेत पहिली कुस्ती कशावर असते माहितीये का?"

"कशावर?"

"रेवडीवर. बारकी पोरं. मग नारळावर. मग दहा रुपये, पन्नास, पाचशे. शेवटची कुस्ती लागेपर्यंत संध्याकाळ होते. रेवडीवरून उचललेल्या पोराला कोणी डायरेक्ट शेवटच्या कुस्तीला लावलं तर माझा बाप हलगीवाल्याला थांबवून पब्लिकसमोर त्या माणसाची आई काढायचा."

"अरे पण मेसन काय बारका पोर आहे का? वर्ल्ड चॅम्पियन आहे!"

"21 वर्षांचा आहे. आणि बेल्ट कोणामुळे रिकामा झाला? आधीचा चॅम्पियन कीशॉन डेव्हिस वजनात बसला नाही म्हणून. आणि काल पहिल्यांदा बारा राउंड खेळला तो. आधीची पोरं अर्ध्यात झोपायची बहुतेक. काल समोरचा नोक्स झोपला नाही, उलट पुढे पुढे येत राहिला. दोन जजचे आकडे 115-113 होते, म्हणजे दोनच पॉइंट्सचा फरक. तुला हायलाइट्समध्ये हे दिसलं नसेल."

इथे मी दत्ताला टाळी दिली हे कबूल करतो. तटस्थ वगैरे काही नाही आपण.

शिऱ्या पण हार मानणाऱ्यातला नाही, त्याने युक्रेनचा लोमाचेंको काढला. "लोमाने दुसऱ्याच प्रोफेशनल फाइटला सॅलिडोसारख्या मुरलेल्या माणसाला घेतलं! हरला ना? हरला. तिसऱ्या फाइटला चॅम्पियन! याला म्हणतात हिंमत!"

"लोमाला दोन ऑलिम्पिक गोल्ड होती रे. 2008 आणि 2012. जवळजवळ चारशे अमॅच्युअर फाइट्स आणि त्यातली हरलेली एक. त्याच्या रेवड्या आणि नारळ सगळे आधीच खाऊन झालेले. आणि तरी सॅलिडोने काय केलं? वजनाला न बसता आला, आणि कमरेच्या खाली मारत मारत दोन विरुद्ध एक जज अशी मॅच घेऊन गेला. लोमाला सगळं येत होतं, फक्त असला धटिंगण कसा हाताळायचा ते येत नव्हतं, ते तो त्या रात्री शिकला. मी तेच म्हणतोय. समोर माणूस कोण ठेवायचा, तर ज्याच्याकडून आपल्या पोराला न येणारी एक गोष्ट शिकता येईल तो. एकच हां. शकूर पाच शिकवेल, पण बारा राउंड हाताला लागणारच नाही, पोरगा हवेत हात मारून घरी जाईल आणि वर्षभर स्वतःवरच संशय घेत बसेल."

"आणि तो काल जे शिकला ते?" मी विचारलं.

"ते भारीच. पण त्याहून भारी मागच्या वर्षीचं, तो व्हास्केझ आठवतोय? दोनदा पाडलं ना मेसनला? उठला आणि दुसऱ्या राउंडला त्यालाच संपवलं. ही खरी जोड. समोरचा नावाने मोठा नाही, पण हातात जोर आहे. आता असाच एखादा पोटात मारणारा द्या, मग एखादा उंच, लांब हाताचा, मग मुराताया, त्याच्याकडे पण बेल्ट आहे. शकूर काय पळून चाललाय का?"

"वजन वाढवून पळू शकतो," नंदू पहिल्यांदा बोलला. नंदू सीएच्या ऑफिसात आहे, त्याला जगात सगळीकडे सेटिंग दिसतं. "आणि तुम्ही दोघं उगाच भांडताय. अपोनंट कोण ठरवतं? प्रमोटर. प्रमोटरला काय हवं? रेकॉर्डमध्ये हरलेल्या फाइट्स शून्य. ते शून्य विकलं जातं. मेवेदरने 50-0 करून सगळ्यांची डोकी फिरवली. आता एक हरला की पोरगा संपला म्हणतात."

हे मात्र बरोबर बोलला. पनामाच्या दुरानचं उदाहरण मी दिलं, तो 1972 मध्ये लाइटवेट चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी देहेसूसकडून हरला, टायटलची फाइट नव्हती पण हरला तो हरलाच. पुढे त्याच देहेसूसला दोनदा पाडून हिशोब पूर्ण केला. आज असं झालं असतं तर शिऱ्यासारख्यांनी त्याच रात्री 'एक्स्पोज झाला' म्हणून स्टेटस टाकला असता.

"मी कधी असा स्टेटस टाकला?" शिऱ्या.

"चॅम्पियन टेओफिमो लोपेझ कंबोसोसकडून हरला तेव्हा," तिघं एकदम.

शिऱ्याने पाणी प्यायलं.

मग नंदूने त्याचा लाडका विषय काढला, पीटर बकली. इंग्लंडचा बॉक्सर, 300 फाइट्स, त्यातल्या 256 हरला. नवीन पोराला राउंड मिळायला हवेत, फोन बकलीला. पुढे चॅम्पियन झालेला नसीम हमीदसुद्धा पोरगेला असताना त्याच्याशी दोनदा लढून गेला. बकली 2008 ला रिटायर झाला आणि शेवटची फाइट जिंकला. "हा माझा माणूस," नंदू म्हणाला, "एकदम माझ्यासारखा, रोज हरायचं आणि सोमवारी परत कामावर."

शिऱ्या हसला, "लूझर रे!"

"गप," दत्ता म्हणाला. जरा जोरातच म्हणाला. "आमच्या तालमीत एक म्हातारा होता, सगळ्या पोरांना अंगावर घ्यायचा आणि मुद्दाम पाठ टेकायचा, पण कोणाकडून काय चुकतंय ते चितपट होता होता कानात सांगायचा. तो नसता तर निम्मी पोरं रेवडीवरच राहिली असती."

क्षणभर सगळे गप्प झाले. चहा आला म्हणून बरं, नाहीतर दत्ता भावुक झाला की त्याला आवरता येत नाही.

मग विषय भरकटला तो आपल्या विजेंदर सिंगवर. 2017 ला वरळीला त्या चिनी बॉक्सरबरोबर मॅच होती, आम्ही चौघं गेलो होतो, डोकलामचे दिवस होते, पब्लिक आधीच तापलेलं. विजेंदर पॉइंट्सवर जिंकला आणि मग माईकवर म्हणाला की शांततेसाठी हा बेल्ट परत देतो. शेजारचा एक माणूस भयंकर चिडला होता, त्याला बेल्टसोबत बरंच काही परत घ्यायचं होतं. शिऱ्याचं मत, तेव्हाच विजेंदरला अमेरिकेत मोठ्या नावाशी लढवायला हवं होतं. दत्ताचं मत, मोठ्या नावाशी नको पण जरा जड माणसं तरी द्यायची होती. बारा जिंकून 2021 ला गोव्यात, तेही कॅसिनोच्या बोटीवर, रशियाच्या लोप्सानकडून हरला तेव्हा कळलं की आधीच्या बारांनी त्याला फार काही विचारलंच नव्हतं.

"ते जाऊ दे," नंदू म्हणाला, "त्या रात्री शेवटची लोकल चुकली आणि टॅक्सी केली, त्याचे माझे 340 रुपये शिऱ्याकडे आहेत अजून."

"तूच म्हणालास राहू दे!"

"मी म्हणालो आत्ता राहू दे. आत्ता म्हणजे 2017."

आणि मग दत्ताने इतका वेळ राखून ठेवलेला पंच मारला. "बाय द वे, बेस्टशी लढा म्हणणाऱ्या माणसाने सोसायटीच्या अंडरआर्म टूर्नामेंटचा ड्रॉ काढला होता ना एकदा? चिठ्ठ्या कोणाच्या घरी टाकल्या होत्या?"

शिऱ्याचा चेहरा वडापावच्या कागदासारखा झाला.

"पहिली मॅच ज्येष्ठ नागरिक संघ," मी म्हणालो.

"दुसरी बी विंगच्या वहिन्या," नंदू.

"आणि फायनलला एकदाचे कॉलेजची पोरं आली समोर, तर हा हॅमस्ट्रिंग धरून बसला. पाच ओव्हरच्या मॅचला हॅमस्ट्रिंग!"

"खरंच दुखत होता!" शिऱ्या किंचाळला. तलावाकाठची दोन कबुतरं उडाली.

बिल 110 झालं होतं. आता द्यायचं कोणी यावर शिऱ्याच उत्साहाने म्हणाला, पंजा लढवू, हरेल तो देईल, मर्दासारखं. बाह्या वर केल्या. लाइटवेटची लिमिट 135 पाउंड, म्हणजे 61 किलो, आणि आमचा शिऱ्या 90 च्या पुढे. कोपर कट्ट्यावर टेकवून बसला आणि अपोनंट निवडायला आमच्याकडे बघू लागला. आधी दत्ताच्या मनगटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत एकदा दत्ताच्या मनगटाकडे.

"नंद्या, ये," शिऱ्या म्हणाला.

पुढे काय झालं नीट सांगता येत नाही. दत्ता कट्ट्यावरून खालीच बसला, नंदू "लेगसी, लेगसी" करत खोकायला लागला, टपरीवाल्या मामांना काही कळलं नव्हतं तरी तेही हसत होते. पंजा झालाच नाही. 110 मी दिले. नंदू म्हणाला, राहू दे, माझे पुढच्या रविवारी देतो.